आज्याला दिलेला शब्द

रविवारची उपासना संपली की आमच्या चर्चच्या आवारात चिंचेखाली चहा असतो. मध्यंतरी एका रविवारी मंडळीतल्या एका तरुणाने फोन माझ्यापुढे धरला. “बाई, बघा तरी, काय भारी बनवलंय!” पडद्यावर लढाऊ विमान, मागे पेटलेलं आभाळ, कोपऱ्यात इस्राएलचा झेंडा आणि मधोमध बायबलातलं एक वचन. आशय असा, की अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांच्याशी केलेल्या करारामुळे देवाला इस्राएलची दया आली आणि त्याने त्यांचा नाश होऊ दिला नाही.

“वचन कुठलं हे?” मी विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं.

“राजांचं दुसरं पुस्तक, तेरावा अध्याय. घरी जा, अख्खा अध्याय वाच. मग बोलू.”

नगर जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेत मी तेहतीस वर्षं इतिहास शिकवला. कुणी एखादं वाक्य तोंडावर फेकलं, की ते कुणी म्हटलं, कधी, आणि तेव्हा घरात काय शिजत होतं, हे विचारायची खोड तेव्हापासून लागली ती सुटलेली नाही. या वाक्याला तर ते विचारलंच पाहिजे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाचं युद्ध पेटल्यापासून ते आणि त्याच्यासारखी आणखी चार वाक्यं युद्धाच्या घोषणांसारखी फिरताहेत, आणि ती फिरवणाऱ्यांत माझीच मंडळी पुढे आहेत.

तर त्या अध्यायात काय शिजत होतं? काहीच नाही. चूल विझायला आली होती.

काळ इसवी सनापूर्वी नवव्या शतकाची अखेर. दावीद-शलमोनाच्या राज्याची दोन शकलं होऊन शतक उलटलेलं. उत्तरेच्या इस्राएलची राजधानी शोमरोन, गादीवर यहोआहाज. त्याच्या सैन्याची मोजदाद अध्यायातच आहे: ५० घोडेस्वार, १० रथ, १०,००० पायदळ. बाकीच्यांची अरामच्या राजाने मळणीच्या धुळीसारखी गत केली, असं लेखक म्हणतो. दहा रथ म्हणजे किती कमी, ते कळायला शेजाऱ्याची वही उघडावी लागते. इ.स.पू. ८५३ मध्ये कर्कारच्या लढाईत आपल्याविरुद्ध कोण कोण उभं होतं, याची यादी अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर याने दगडावर कोरून ठेवली आहे. तो शिलालेख आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात इस्राएलच्या अहाबापुढे आकडा आहे २,००० रथांचा. राजे आकडे फुगवतात हे धरून निम्मे कापले, तरी दोन पिढ्यांत हजारावरून दहावर.

हे करणारा माणूस हजाएल. अरामच्या, म्हणजे दमास्कसच्या, गादीवर तो बाहेरून येऊन बसला. अश्शूरी लेखांत त्याची ओळख ‘कुणाचाच मुलगा नव्हे’ अशी कुत्सित करून दिली आहे. पण माणूस खमक्या. पलिष्ट्यांचं गथ शहर त्याने घेतलं असं बायबल सांगतं. त्या जागी, तेल एस-साफी इथे, उत्खननात शहराला वेढणारा लांबलचक खंदक आणि जळालेल्या वस्तीचा थर सापडला आहे. १९९३ साली इस्राएलच्या उत्तर टोकाला तेल दान इथे काळ्या दगडावरचा एक अरामी लेख सापडला. बहुतेक अभ्यासक तो हजाएलचाच मानतात. इस्राएलचा राजा मारला, ‘दावीदाच्या घराण्या’चा राजा मारला, आणि हे करताना हदाद देव माझ्यापुढे चालत होता, अशी फुशारकी त्यावर आहे.

देव माझ्यापुढे चालत होता. विमानाच्या त्या चित्राचा सूर मला या दगडाचा वाटतो. शब्द राजांच्या पुस्तकातले, सूर हजाएलचा.

आता ते वाक्य बघा. हजाएलने यहोआहाजाच्या सगळ्या कारकिर्दीत इस्राएलला छळलं, असं लेखक सांगतो आणि लगेच पुढे म्हणतो की देवाने कृपा केली, कळवळला, त्यांच्याकडे वळून पाहिलं. कारण अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याशी केलेला करार. या यादीत मोशे नाही, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. सीनाय डोंगरापाशी मोशेच्या मध्यस्थीने झालेल्या करारात दोन्ही पक्ष बोलले होते. देवाने आज्ञा दिल्या, लोकांनी ‘आम्ही पाळू’ म्हटलं. तो करार उत्तरेच्या राज्याने कधीच मोडला होता. दान आणि बेथेल इथे सोन्याची वासरं बसवून त्यांची पूजा चालू होती. त्या कराराच्या बळावर यहोआहाजाला काही मागायची सोय नव्हती. म्हणून लेखक त्याच्याही मागे जातो, पार आज्यापणज्यापर्यंत.

अब्राहामाशी झालेल्या कराराची हकिगत उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात आहे. हिब्रूत करार ‘कापतात’. कालवड, शेळी, मेंढा मधोमध चिरून दोन्ही बाजूंना मांडायचे आणि शब्द देणाऱ्याने मधून चालत जायचं. अर्थ उघड होता: शब्द मोडला तर माझेही असेच दोन तुकडे होवोत. दिवसभर अब्राहाम गिधाडं हाकत बसला. सूर्य बुडाला, त्याला गाढ झोप लागली आणि अंधारात त्या तुकड्यांमधून धुमसती शेगडी आणि जळती मशाल गेली. अब्राहाम चाललाच नाही. शपथ एकानेच वाहिली.

मराठीत आपण याला ‘करार’ म्हणतो. जुना करार, नवा करार. शब्द रूढ आहे, पण त्याला स्टॅम्प पेपरचा वास येतो. दोन सह्या, दोन साक्षीदार, एकाने मोडला की दुसरा मोकळा. त्या रात्री जे झालं त्याला माझ्या वडिलांच्या भाषेत ‘शब्द देणं’ म्हणतात. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमचं गाव पारनेर तालुक्यात. आजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा गावाने पाणी तोडलं. आधीच महार, त्यात बाटलेले. तेव्हा शेजारच्या मळ्यातल्या एका मराठा शेतकऱ्याने आपल्या विहिरीवर आजीला हंडा भरू दिला. त्यासाठी त्याने गावाचे बोलही खाल्ले. पुढे आमच्या हाडोळ्याच्या तीन एकरांत आजोबांच्या विहिरीला पाणी लागलं आणि त्या शेजाऱ्याची आटली. आजोबांनी त्याला शब्द दिला: तुमच्या पोराबाळांना या विहिरीचं पाणी तुटणार नाही. कागद नाही, काही नाही.

१९७२ उजाडलं तोवर दोघेही म्हातारे गेलेले. शेजाऱ्याच्या नातवांनी आमच्या बांधात चार हात आत येऊन आम्हालाच कोर्टात ओढलं होतं. मी चौदा वर्षांची. आई खडी फोडायला दुष्काळी कामावर जायची, आम्ही सुकडी खायचो. विहिरीत तळाला पाणी होतं, आणि आठवड्यातल्या एका पाळीला माझे वडील, अण्णा, इंजिन लावून ते त्या नातवांच्या पाटात सोडायचे. आईचा एकदा तोल गेला. “कोर्टात ओढलं त्यांनी आपल्याला, आन् तुम्ही त्यांनाच पाणी सोडता?” अण्णा इंजिनाला हँडल मारत होते. म्हणाले, “शब्द ह्यांना कुठं दिलाय? ह्यांच्या आज्याला दिलाय. तो काय बदलला का?”

यहोआहाजाच्या अध्यायातलं ते वाक्य मला त्या दिवशी कळलं. मेलेला माणूस बदलत नाही, म्हणून त्याला दिलेला शब्दही बदलत नाही. आजोबांवर निदान उपकाराचं ओझं होतं. अब्राहामाने देवाला कुठला हंडा भरून दिला होता? एवढा फरक सोडला तर गोष्ट एकच. पाणी मिळतं ते मिळवणाऱ्याच्या लायकीने नव्हे. म्हणून पाणी मिळालं हा लायकीचा पुरावाही नव्हे. त्या नातवांनी खटला मागे घेतला नाही, हेही सांगून टाकते.

या दयेने नेमकं दिलं काय? विजयाचं वचन त्या वाक्यात नाही. देवाने त्यांना पुसून टाकलं नाही, एवढंच आहे. त्यालाही लेखकाने एक शब्द जोडला आहे: अजूनपर्यंत. देवाने त्यांना अजूनपर्यंत आपल्या नजरेआड केलं नाही. विमानाच्या त्या चित्रात तो शब्द गाळलेला होता.

दया आली कुठल्या वाटेने, हेही इतिहासात सापडतं. अश्शूरचा राजा तिसरा अदाद-निरारी पश्चिमेला आला, दमास्कस त्याच्यापुढे वाकलं आणि हजाएलच्या वारसांची इस्राएलवरची पकड ढिली झाली. देवाने इस्राएलला एक सोडवणारा दिला, असं हाच अध्याय नाव न घेता सांगतो. तो हाच असावा असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. १९६७ साली इराकमध्ये तेल अल-रिमाह इथे या राजाचा शिलालेख सापडला. त्यात खंडणी देणाऱ्यांच्या यादीत ‘शोमरोनचा योआश’ आहे. योआश म्हणजे आपल्या यहोआहाजाचा मुलगा. सुटका झाली, पण खंडणी भरून. आणि पाऊणशे वर्षांनी, इ.स.पू. ७२२ च्या सुमारास, याच अश्शूरने शोमरोन संपवलं. आपण २७,२९० माणसं हलवली, असा दुसऱ्या सार्गोनचा दावा आहे. ‘अजूनपर्यंत’ लिहिणाऱ्याला पुढचं ठाऊक असावं, असं मला तरी ते वाचताना वाटतं.

मग शत्रूचं काय? याच पुस्तकात अलीशा संदेष्ट्याला धरायला आलेली अरामी फौज आंधळी होते आणि तो तिला थेट शोमरोनच्या मधोमध आणून उभी करतो. डोळे उघडतात तर चहूकडे शत्रू. राजाचे हात शिवशिवतात. “मारू का? मारू का?” अलीशा म्हणतो, जेवू घाल आणि घरी पाठव. राजा मोठी पंगत बसवतो आणि अरामी टोळ्यांचे छापे थांबतात. अर्थात पुस्तक भाबडं नाही. पुढच्याच ओळीत अरामचा राजा शोमरोनला वेढा घालतो. तरी पंगतीचा पश्चात्ताप कुणी केल्याचं लिहिलेलं नाही. याच पुस्तकात नामान नावाचा अरामी सेनापती भेटतो आणि लेखक शांतपणे सांगतो, की अरामला जय मिळवून दिला तो इस्राएलच्याच देवाने. हजाएल राजा होण्याआधी अलीशासमोर उभा राहतो तेव्हा अलीशा त्याच्याकडे टक लावून बघतो आणि रडू लागतो. हा माणूस पुढे इस्राएलच्या गरोदर बायकांचं, तान्ह्या पोरांचं काय करणार, ते त्याला दिसलेलं असतं.

माझ्या मताला अडचणीची जागाही याच अध्यायात आहे, ती लपवत नाही. अलीशा मरणाला टेकलाय, योआश रडत भेटायला आलाय. अलीशा म्हणतो, बाण जमिनीवर मार. राजा तीनदा मारून थांबतो. म्हातारा संतापतो: पाच-सहा वेळा मारले असतेस तर अरामला संपवलं असतंस! पंगत बसवणारा हाच माणूस. यहोशवाच्या पुस्तकात तर शहरंच्या शहरं निपटून काढण्याच्या आज्ञा आहेत. बायबल एका सुरात बोलत नाही, आणि ज्याला रक्तच हवंय त्याला त्यात रक्त सापडेल. मी एवढंच बघते, की या अध्यायात संदेष्ट्याची ती इच्छा नोंदली गेली, पुरी झाली नाही. योआश तीनदाच जिंकला. बापाच्या हातून गेलेली गावं परत घेतली, आणि अध्याय तिथे संपला.

योआशच्या मुलाच्या, दुसऱ्या यराबामाच्या काळात राज्य भरभराटीला आलं. तेव्हा दक्षिणेच्या यहूदा राज्यातल्या तकोवाचा एक मेंढपाळ, आमोस, उत्तरेत येऊन बोलू लागला. सुरुवात त्याने दमास्कसपासून केली. तुम्ही गिलादची लोखंडी औतांनी मळणी केलीत, त्याचा जाब द्यावा लागेल. मळणीची तीच प्रतिमा. लोकांनी माना डोलावल्या असतील. मग गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब असा एकेका शेजाऱ्याचा समाचार घेत तो यहूदावर आणि शेवटी इस्राएलवर आला. तुम्ही वहाणांच्या एका जोडासाठी गरिबाला विकता. मी फक्त तुम्हालाच जवळ केलं, म्हणूनच तुम्हाला शिक्षा करीन, असं देव म्हणतो. पुढे तर कहरच: तुम्हाला मिसरातून आणलं तसं पलिष्ट्यांना कफतोरहून आणि अरामी लोकांना कीरहून मीच आणलं नाही का? ज्यांनी मुलूख जाळला, त्यांनाही आणणारा तोच.

बहात्तरच्या त्या उन्हाळ्यात एकदा आमच्या पाटातून गेलेल्या पाण्यावर वस्तीतल्या बायका हंडे घेऊन आल्या आणि त्या नातवांनी त्यांना हाकललं. अण्णांनी सगळ्या प्रकरणात आवाज चढवला तो एवढ्याच वेळी. “माझं पाणी तुमच्या पाटात आलं म्हणून तुमच्या बापाचं झालं का रे?” पुढची पाळी मात्र त्यांनी चुकवली नाही. दया तोडायची नाही आणि तिचा जाबही सोडायचा नाही, हे आमोसला जमलं तसं त्या अडाणी शेतकऱ्याला जमलं होतं.

या गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईतही आहे. कोकणातले बेने इस्राएल यहुदी, घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवार पाळणारे म्हणून ‘शनिवार तेली’, यांच्यातले सॅम्युएल दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत होते. म्हैसूरच्या युद्धात ते टिपूच्या कैदेत पडले. समाजात असं सांगतात, की हे ‘बनी इस्राईल’ आहेत असं कळल्यावर टिपूच्या आईने, कुराणात ज्यांच्याविषयी ऐकलं ते हेच लोक म्हणून, त्यांच्या जिवासाठी रदबदली केली. सुटून आल्यावर दिवेकरांनी कृतज्ञतेपोटी १७९६ साली मुंबईत त्या समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. नाव ठेवलं शआर हारहामीम, म्हणजे दयेचं दार. लोक त्याला जुनी मशीद म्हणत आणि मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं, असं म्हणतात.

त्या नावातला ‘रहम’ आपल्याला वेगळा शिकवायला नको, तो मराठीतही आहे. हिब्रूत याच धातूतून गर्भाशयाचा शब्द येतो. यहोआहाजाच्या अध्यायात देव ‘कळवळला’ म्हणताना हाच धातू आहे, आणि एक सोडून कुराणातली प्रत्येक सूरा ज्या ओळीने सुरू होते त्या ओळीतही हाच. दिवेकरांना युद्धात जी दया भेटली ती शत्रूच्या आईच्या तोंडून भेटली. त्यांनी दारावर विजयाचं नाव कोरलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या राष्ट्राच्या युद्धावर ज्याला जे मत ठेवायचं ते त्याने राजकारणाच्या, कायद्याच्या, माणुसकीच्या आधारावर ठेवावं. ७ ऑक्टोबरला मारल्या गेलेल्यांसाठी रडावं आणि गाझात ढिगाऱ्याखाली गेलेल्या पोरांसाठीही. एकासाठी रडलं म्हणजे दुसऱ्याचे अश्रू संपतात असं नाही. पण दहा रथ उरलेल्यांसाठी लिहिलेलं वाक्य बाँब टाकणाऱ्या विमानावर चिकटवू नये. ते तिथे खोटं होतं.

तो तरुण पुढच्या रविवारी आला. खरंच वाचून आला होता. चहाचा कप हातात फिरवत म्हणाला, “बाई, पण या अध्यायात तर आपण हरतोय.”

“आपण?” मी म्हटलं. “आपण कोण रे? अब्राहामाच्या घरातले आहोत का आपण? पारनेरचे आपण.”

तो हसला. “मग आपण कुठं आहोत यात?”

“एक अध्याय मागे नाही, सात अध्याय मागे जा,” मी म्हटलं. “शोमरोनमध्ये पंगत बसलीय ना अरामी शिपायांची? आपण असलोच तर त्या पंगतीत आहोत. ताट वाढलंय. जेवायचं आणि मुकाट घरी जायचं.”

त्याने फोन खिशात टाकला. चित्र पुसलं की नाही, मी विचारलं नाही.